एकाच चौकटीतले कितीतरी पंधरा ऑगस्ट

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ऑगस्टचं पान आलं की पंधरा तारखेच्या चौकटीपाशी माझी नजर थांबते. एवढ्याशा जागेत काय काय बसवलेलं असतं! लाल आकडा, त्याखाली ‘स्वातंत्र्य दिन’, बाजूला श्रावणातली तिथी, खाली बारीक अक्षरांत नक्षत्र, आणि २०२४ पासून ‘पारशी नूतन वर्ष’ही. २०२५ साली श्रीकृष्ण जन्माष्टमीसुद्धा त्याच चौकटीत येऊन बसली होती. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती घरांत जी दिनदर्शिका असते, तिच्यात त्याच दिवशी मरियामातेला सदेह स्वर्गात नेलं त्याचा सण असतो.

यातलं पारशी नववर्ष तर पाहुणं आहे. शहेनशाही पंचांगात वर्ष बरोबर ३६५ दिवसांचं, त्यात लीप वर्षाचा जादा दिवस धरत नाहीत. त्यामुळे दर चार वर्षांनी नवरोज इंग्रजी तारखेच्या हिशेबाने एक दिवस अलीकडे सरकतो. २०२३ पर्यंत तो १६ ऑगस्टला होता, आता २०२७ पर्यंत १५ ला आहे, २०२८ साली १४ ला जाईल. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होता. म्हणजे पारशी घरात तोरण लागतं आणि समोरच्या शाळेत झेंडा चढतो, अशा सकाळी लागोपाठ चारच. मग नवरोज आपल्या वाटेने पुढे निघून जाणार. हा निखळ योगायोग. त्याचा आनंद घ्यावा, अर्थ काढत बसू नये.

पण एका दिवशी दोन गोष्टी येण्याचा दुसराही एक प्रकार आहे. कुणीतरी आधीचा दिवस मनात धरून नंतरची गोष्ट मुद्दाम त्याच तारखेवर आणून ठेवतं. आपल्या प्रजासत्ताक दिनाचं तेच झालं. संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला. पण ते पूर्णपणे लागू करायला घटनाकारांनी दोन महिने वाट पाहिली, कारण २६ जानेवारी १९३० ला देशभर लोकांनी पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती. पुढची कितीतरी वर्षं तोच आपला स्वातंत्र्य दिन होता. त्या दिवसासाठी लाठ्या खाल्लेली माणसं घटना समितीत बसलेली होती. त्यांना ती तारीख वाया जाऊ द्यायची नव्हती. अशा तारखांबद्दल मला फार आदर वाटतो.

१५ ऑगस्ट मात्र तसा आपण निवडलेला नव्हता. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींनी जाहीर केलं होतं की जून १९४८ पर्यंत ब्रिटिश सत्ता सोडतील. शेवटचे व्हाइसरॉय म्हणून माउंटबॅटन आले आणि त्यांनी ही मुदत कितीतरी अलीकडे ओढली. १५ ऑगस्टच का, याचं कारण त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं: तो जपानच्या शरणागतीचा दुसरा वाढदिवस होता. १९४५ साली त्या दिवशी दुपारी सम्राट हिरोहितोंचा आवाज रेडिओवरून जपानी लोकांनी ऐकला, तेव्हा माउंटबॅटन आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती होते. त्यांच्या आयुष्यातला तो विजयाचा दिवस. कोरियात हाच दिवस जपानी राजवटीतून सुटकेचा म्हणून पाळतात, आणि दक्षिण कोरियाने १९४८ साली आपलं सरकार मुद्दाम याच तारखेला जाहीर केलं. त्यांच्यासाठी ते स्वाभाविकच होतं. आपल्यासाठी ती एका परक्या सेनापतीच्या आठवणीतली तारीख होती. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं, आणि थोडं अजूनही वाटतं. केवढ्या लोकांनी प्राण दिले, आणि दिवस कोणता ते ठरवताना त्यांच्यापैकी कुणाचाच दिवस आठवला गेला नाही.

पंचांगवाल्यांनाही तो दिवस पसंत नव्हता. १९४७ साली श्रावण अधिक होता, आणि १५ ऑगस्टला अधिक श्रावणातली वद्य चतुर्दशी. आपल्याकडे अधिक महिन्यात साधं लग्न लावत नाहीत, आणि इथे तर देशाचं राज्य हाती घ्यायचं होतं. ज्योतिषांनी विरोध केला. शेवटी मध्यरात्रीचा मधला मार्ग निघाला. चौदाच्या रात्री अकरा वाजता घटना समितीची बैठक सुरू झाली, राजेंद्रबाबू अध्यक्षस्थानी होते. बाराचे ठोके पडल्यावर सभासदांनी उभं राहून शपथ घेतली, आणि हंसाबेन मेहतांनी देशातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभागृहाला अर्पण केला. तिकडे रमजानचा महिना सरत आला होता. पंधरा तारखेला शुक्रवार होता, रमजानचा शेवटचा जुमा. मशिदी भरलेल्या होत्या. चर्चमध्ये सणाची मिस्सा चालू होती. कायद्याने हिंदुस्थान आणि पाकिस्तान या दोघांचाही वाढदिवस पंधराच. पाकिस्तानने काढलेल्या पहिल्या स्मारक टपाल तिकिटांवरही १५ ऑगस्टच छापलेलं आहे. चौदा तारीख त्यांनी नंतर धरली. म्हणजे आज एका दिवसाच्या अंतराने साजरे होणारे हे दोन सण मुळात एकाच चौकटीतले.

त्या दिवशी गांधीजी दिल्लीत नव्हते. ते कलकत्त्याच्या बेलियाघाटात, हैदरी मंझिल नावाच्या एका पडक्या घरात मुक्कामाला होते. हिंदू-मुसलमानांच्या दंग्यांनी शहर होरपळून निघालं होतं. त्यांनी दिवस काढला तो उपास, प्रार्थना आणि चरख्यावर. फाळणीचं दुःख त्यामागे होतंच. पण त्या तारखेला त्यांच्या मनात आणखी एक जखम होती, आणि ती आमच्या पुण्यातली आहे.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींना पकडलं आणि पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये आणून ठेवलं. महादेवभाई देसाई त्यांच्याबरोबर होते. १९१७ पासून, म्हणजे पंचवीस वर्षं, ते गांधीजींचे सचिव. गांधीजी काय बोलले, कुणाला काय लिहिलं, कोण भेटून गेलं, हे सगळं महादेवभाईंच्या रोजनिशीत उतरायचं. गांधीजी बोलायचे आणि महादेवभाईंचं पेन चालायचं, असा तो संसार. अटकेला आठवडाही झाला नव्हता. १५ ऑगस्टच्या सकाळी महादेवभाई बोलता बोलता कोसळले. हृदयविकाराचा झटका होता. गांधीजी धावत आले आणि हाका मारू लागले. त्यांना वाटत होतं की महादेवने एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं तर तो उठेल, कारण त्याने आजवर माझा शब्द कधी मोडलेला नाही. महादेवभाई उठले नाहीत. वय पन्नास. त्र्याहत्तरीला आलेल्या गांधीजींनी स्वतःच्या हाताने त्यांना शेवटची आंघोळ घातली. कैदेत असल्यामुळे अंत्यसंस्कारही त्याच आवारात झाले.

नगर रस्त्याने येरवडा ओलांडून गेलं की तो वाडा लागतो. १८९२ सालचा, इटालियन कमानींचा. महादेवभाईंचा जन्मही त्याच वर्षीचा. मागच्या बाजूला झाडांखाली दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. एक महादेवभाईंची आणि दुसरी कस्तुरबांची; बा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला, याच कैदेत. गांधीजी सुटेपर्यंत रोज त्या जागेवर जायचे. शनिवार-रविवारी इथे शाळांच्या सहली येतात, मुलं कमानींत फोटो काढतात, खोल्यांमधून फिरतात आणि बसकडे पळतात. मागच्या समाध्यांपर्यंत फार थोडी पोचतात. स्वातंत्र्याला बरोब्बर पाच वर्षं बाकी असताना स्वातंत्र्याचा एक मोठा कारकून (मी हा शब्द मानाने वापरतो आहे) इथे गेला. पंधरा ऑगस्टला या समाधीवर पुण्यातून फुलं वाहायला जाणारी माणसं अजून आहेत. त्यांना त्या सकाळी ध्वजवंदनालाही जायचं असतं. दोन्ही करतात.

महादेवभाईंची तारीख योगायोगानेच जुळली. माउंटबॅटनना ती ठाऊकही नसेल. पण आता ज्या गोष्टीकडे मला यायचं आहे ती योगायोगाची नाही.

मी सिंधुदुर्गातला, बांद्याकडचा. आमच्याकडे मुंबई-गोवा हमरस्ता ओलांडायला फार चालावं लागत नाही, आणि त्याच रस्त्याने काही किलोमीटर दक्षिणेला गेलं की पत्रादेवी येते. तिथून गोवा सुरू होतो. आज तिथे चेकपोस्टपाशी ट्रकांची रांग असते, शहाळीवाले असतात, आणि रस्त्याकडेला हुतात्मा स्मारक आहे. १९४७ मध्ये आमच्या बाजूला स्वातंत्र्य आलं ते तिथपर्यंतच. पलीकडे पोर्तुगीज राजवट आणखी चौदा वर्षं राहिली. आमच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांची सोयरीक सीमेपलीकडच्या पेडण्यात. बहिणीच्या घरी जायचं तर परवाना. १९४७ च्या पंधरा ऑगस्टला बांद्यात झेंडा लागला असेल तेव्हा पेडण्यातली बहीण काय करत असेल, हा विचार मला नेहमी येतो.

गोव्यातला लढा तसा १८ जून १९४६ पासूनचा, डॉ. लोहियांनी मडगावात सभा घेऊन बंदी मोडली तेव्हापासूनचा. पण पंधरा ऑगस्ट त्यात शिरला तो १९५४ साली. भारत सरकारने गोव्याबाहेरच्या लोकांना सीमा ओलांडायला मनाई केली होती, म्हणून गोमंतकीयांच्याच तुकड्या निघाल्या. त्यातली एक आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली तेरेखोलला गेली. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे आमच्याच बाजूला. मूळ सावंतवाडीकर भोसल्यांचा, पण १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि तेव्हापासून नदीच्या अलीकडचा तेवढाच तुकडा त्यांचा. किल्ल्याच्या आत सांत आंतोनीचं चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ ला या निःशस्त्र माणसांनी त्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढे पोर्तुगिजांनी त्यांना पकडून तुरुंगात टाकलं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचं म्हणणं होतं की गोवा हा पोर्तुगालचाच, ख्रिस्ती संस्कृतीचा भाग आहे. आणि त्या वर्षीच्या तुकड्यांचं नेतृत्व करणाऱ्यांची नावं बघा: आफोन्सो, फर्नांडिस, डिसोझा. मरियामातेच्या सणादिवशी, गोव्यातली घरं मिस्सेला निघालेली असताना, ही माणसं झेंडा घेऊन निघाली. सालाझारला यापेक्षा स्पष्ट उत्तर कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीने देशभर हाक दिली. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन गेले. बापट तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास होते. जुलैमध्ये मधु लिमये गेले, त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. आणि सामुदायिक सत्याग्रहासाठी दिवस ठरला १५ ऑगस्ट. हजारो माणसं सीमेवर जमली. पत्रादेवी, तेरेखोल, कॅसलरॉक अशा ठिकठिकाणांहून ती आत शिरली. हातात झेंडा, दुसरं काही नाही. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली.

माझी आजी तेव्हा लग्न होऊन नुकतीच सासरी आली होती. ती सांगायची की आदल्या दिवसापासून गाव परक्या भाषांनी भरून गेला होता. कुणी हिंदी बोलतंय, कुणी पंजाबी, कुणी बंगाली. घराघरांतून पेज आणि भाकऱ्या गेल्या. तिच्या सासूने दोन पायल्या तांदूळ एका दिवसात रांधले. दुसऱ्या दिवशीचं मात्र ती एकाच वाक्यात सांगायची: “चलत गेले ते बाजल्यार इले.” चालत गेले ते बाजल्यावरून आले. पुढे काही विचारलं तर उठून चुलीकडे जायची.

पत्रादेवीला पडलेल्यांत एक होता कर्नेलसिंग. पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातल्या ईसडू गावचा तरुण. त्या दिवशी मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि पुढे १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या. कर्नेलसिंग वाचला नाही. ज्या मातीचा त्याच्या गावाशी काडीचा संबंध नव्हता, जिथली भाषा त्याला येत नव्हती, तिथे येऊन तो उघड्या छातीने उभा राहिला. ईसडूत दर वर्षी १५ ऑगस्टला त्याच्या नावाने मोठा मेळावा भरतो, पंजाबभरातून पुढारी आणि माणसं जमतात. त्या गावात पंधरा ऑगस्ट म्हणजे आधी कर्नेलसिंग आणि मग लाल किल्ला. तिथल्या शाळेतल्या मुलाला पत्रादेवी माहीत आहे. आमच्याकडच्या किती मुलांना ईसडू माहीत असेल?

गोळीबारानंतर मुंबईत मोठा बंद झाला, लोक चिडले होते. नेहरूंच्या सरकारने मात्र सत्याग्रह थांबवला, पोर्तुगालशी उरलेसुरले संबंध तोडले आणि सीमेवरची ये-जा बंद केली. गोरे-लिमये वगैरे मंडळी १९५७ मध्ये सुटली. गोवा सुटला तो १९ डिसेंबर १९६१ ला, लष्कर पाठवून. त्यामुळे गोव्याचा मुक्तिदिन १९ डिसेंबर झाला, हे योग्यच आहे. पण त्यात पत्रादेवीचा दिवस बाजूला पडला. गोवेकरांसाठी तो मुक्तिदिन नाही, आणि बाकी देशासाठी तर त्या दिवशी लाल किल्ल्यावरचं भाषण असतं. दिल्लीचा पंधरा ऑगस्ट एवढा मोठा आहे की त्याच्या सावलीत पत्रादेवी दिसतच नाही.

मला याचंच जास्त लागतं. १९५५ च्या त्या माणसांनी हा दिवस मुद्दाम निवडला होता. माउंटबॅटननी जपानच्या शरणागतीवरून आखलेली तारीख त्यांनी घेतली आणि तिचा अर्थ बदलून टाकला. आठ वर्षांपूर्वी तुम्हाला मिळालं ते इथे अजून मिळालेलं नाही, हे सांगायला वर्षातला दुसरा कुठला दिवस एवढा योग्य होता? त्या दिवसापासून १५ ऑगस्ट खऱ्या अर्थाने आपला झाला, निदान कोकणाच्या या टोकाला तरी. ज्याच्या नावावर तारीख आधी लिहिलेली होती त्याच्याकडून ती चालत जाऊन घ्यावी लागते, आणि त्यांनी ती तशी घेतली.

याच चौकटीतली आणखी एक गोष्ट, छोटी, पण मला आवडते म्हणून लिहितो. १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी, पोस्टाचा सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे कवी. त्यांनी देशाचे विभाग पाडले तेव्हा महाराष्ट्र आणि गोवा एकाच आकड्याखाली आले. आमचा पिनकोड ४१६ ने सुरू होतो, पलीकडचा ४०३ ने. दोन्हीकडे पहिला चार. ज्या सीमेवर सतरा वर्षांपूर्वी गोळ्या झाडल्या गेल्या तिथून आता पत्र सरळ पेडण्याला जात होतं, परवाना नाही, तपासणी नाही. वेलणकरांच्या मनात पत्रादेवी असेल असं नाही. पण आमच्या पोस्टमनने बहिणीची राखी आणून दिली की त्या पाकिटावरचा चार मला दिसतो.

गोव्यात चर्चमध्ये आता पंधरा ऑगस्टच्या सकाळी आधी सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, मिस्सा होते, आणि मग तिथल्याच आवारात झेंडा चढतो. पाद्री, सरपंच, बँडवाली पोरं, सगळे तिथेच. माझ्या एका पेडणेकर मित्राच्या घरी त्या दिवशी सान्नां (तांदळाच्या, इडलीसारख्या) असतात आणि दारात तिरंगाही असतो. कुणाला त्यात अडचण वाटत नाही. एक दिवस दोन गोष्टींना पुरत नाही असं म्हणणाऱ्यांनी तिथे एकदा जाऊन यावं.

आमच्या तालुक्यातल्या शाळांचं झेंडावंदन नऊच्या आत आटोपतं. प्रभातफेरी होते, एकदोन भाषणं होतात, गोळ्या वाटल्या जातात आणि मुलं घरी. बांद्याहून पत्रादेवी एसटीने काही मिनिटांवर आहे. मुलांना तिथे न्यावं, स्मारकापाशी उभं करावं, कर्नेलसिंगचं आणि सहोदराबाईंचं नाव मोठ्याने घ्यावं, तेरेखोलचा आल्फ्रेड आफोन्सो सांगावा, आणि पुण्यातल्या त्या दोन समाध्याही. त्यासाठी वेगळी सुट्टी नको, वेगळा निधी नको. यंदा मी आमच्या गावच्या शाळेत तसं पत्र नेऊन दिलं. मुख्याध्यापिका बाईंनी ते नीट वाचलं. म्हणाल्या, कल्पना चांगली आहे, पाऊस नसला तर नेऊ. मी म्हटलं, बाई, पाऊस असला तरी न्या. १९५५ सालीही ऑगस्टच होता.